आई का आली नाही, याचा टायरांसकट खुलासा

प्रिय (आणि सध्या माझ्यावर रागावलेल्या) ताईस,

धाकट्या भावाचा नमस्कार. घेतलास तर आनंद आहे. नाही घेतलास तर पत्राच्या शेवटी पुन्हा एकदा करीन. तुझी पाठ आता कशी आहे? भाऊजींचा खोकला? आणि आपली बुटकी? (ती आता माझ्या डोक्यावरून पलीकडचं बघू शकते हे मला माहीत आहे, पण एकदा ठेवलेलं नाव मागे घ्यायची आपल्या घरात पद्धत नाही.) इकडे आम्ही सगळे ठीक आहोत. आईचा गुडघा ऑपरेशननंतर आता चांगलाच वळायला लागलाय, तुझ्या भावजयीचा स्वभाव नेहमीसारखाच आहे, आणि मी अजूनही सकाळपासून संध्याकाळपर्यंत दुसऱ्यांच्या तोंडात बसायच्या कवळ्या घासतोय.

तू फोन उचलत नाहीस म्हणून हे पत्र. ते न वाचता फाडून टाकशील अशी भीती मला नाही, कारण बंद पाकीट समोर आल्यावर तुला चैन पडत नाही हे मी लहानपणापासून बघत आलोय. तेव्हा वाचायला घेतलंच आहेस तर आता पुरतं वाच. आईला घेऊन आम्ही तुझ्याकडे यायला निघालो आणि अर्ध्या वाटेवरून परत फिरलो, आणि मी तुला फोनवर एवढंच सांगितलं की आई येत नाहीये. का येत नाहीये ते सांगितलं नाही, कारण ते मलाच माहीत नव्हतं. त्यावर तू मनाशी ठरवून टाकलंस की एक तर गाडीत आम्ही दोघं तिला काहीतरी लागेलसं बोललो असणार, नाहीतर ती तुझ्यावरच रुसली असणार. पहिलं साफ खोटं आहे आणि दुसरं त्याहून खोटं. बुटकीने आजीला ऐकवायचं म्हणून व्हायोलिनवर नवीन काहीतरी बसवलं होतं, आणि त्यासाठी आई कितीतरी दिवस आधीपासून बॅग भरत होती, उपसत होती आणि पुन्हा भरत होती. अशी बाई कुणावर रुसून मागे फिरेल का? खरं कारण म्हणजे गाडीचे टायर. थांब, पत्र खाली ठेवू नकोस. मी चेष्टा करत नाहीये.

गाडी तुला नव्याने सांगायला नको, ती तुमच्याचकडची. तुम्ही नवी घेतलीत तेव्हा भाऊजींनी जुनी आम्हाला दिली, आणि देताना मुलगी सासरी पाठवावी तसं बजावून दिली की हिला ओरडायची सवय नाही, हिला कुणी जोरात दार आपटलेलं चालत नाही, आणि हिचा आवाज म्हणून कधी येणार नाही. भाऊजींच्या शब्दाला आमच्या घरात केवढा मान आहे हे तू जाणतेसच. त्यामुळे गाडीतून आवाज यायला लागला तेव्हा तो गाडीचा असेल अशी शंका घ्यायला कुणी धजावलंच नाही.

आवाज म्हणजे नुसता घूं. गल्लीत काही नाही, बाजारात काही नाही, पण मोठ्या रस्त्याला लागून गाडीने जरा वेग घेतला की खालून कुठून तरी तो सुरू व्हायचा. वेग वाढला की तोही चढायचा, वेग उतरला की तोही उतरायचा. पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी आधी कानात करंगळी घालून हलवून बघितली. तुला माहीत आहे, माझं काम दिवसभर घासायच्या मशीनवर. तुझ्या भावजयीने मला कानांवर चढवायची ती जाड बोंडं आणून दिली आहेत, आणि ती मी घालत नाही, कारण ती घातली की मी विमानतळावर कुणाला तरी हात दाखवायला उभा असल्यासारखा दिसतो. ती गेली दोन-तीन वर्षं सांगतेय की एक दिवस कान जातील. तेव्हा घूं ऐकल्याबरोबर मी समजलो की तो दिवस उजाडला. आता हे घरात कबूल केलं असतं तर पुढचं सगळं आयुष्य "मी सांगत होते" या तीन शब्दांखाली काढावं लागलं असतं. मी तोंडाला कुलूप लावलं आणि गाडी चालवत राहिलो.

आता तुझ्या भावजयीचं ऐक. तिलाही तो आवाज पहिल्या दिवसापासून येत होता. पण तिची खात्री होती की तो मी काढतोय! मला गाडी चालवताना गुणगुणायची सवय आहे (तुझ्या मते ती आपल्या बाबांकडून आली, आणि बाबांच्या मते आईकडून). मागे एकदा तिने चार लोकांत माझ्या गळ्याबद्दल काहीतरी उद्गार काढले होते, त्यावरून मी बरेच दिवस गाल फुगवून होतो, आणि शेवटी तिने कबूल केलं होतं की यापुढे माझ्या गाण्याबद्दल ती चकार शब्द काढणार नाही. बिचारीने शब्द पाळला. मी एकाच सुरात, न थांबता, श्वासही न घेता गुणगुणतोय असं समजून ती शेजारी दात आवळून बसायची. (आवळलेले दात मला लगेच ओळखू येतात. मला वाटायचं तिला माझ्या ओव्हरटेक करण्याची भीती वाटते.)

मागच्या सीटवर आई. तिच्या मनात काय चाललं होतं ते मला फार उशिरा कळलं, तेव्हा तुलाही उशिराच सांगतो. तुझ्याकडे यायला निघालो त्या दिवशी हायवेला लागल्यावर ती माझ्या खांद्याशी वाकली आणि म्हणाली, काही आवाज येतोय का रे? मी म्हटलं, छे, कसला? तिने हाच प्रश्न सुनेला विचारला. सुनेला वाटलं, नवऱ्याचं गुणगुणणं सासूबाईंनाही सहन होईनासं झालंय, पण आपण शब्द दिलाय. ती म्हणाली, नाही हो, मला नाही काही ऐकू येत. आई मागे टेकून बसली. तिने आयुष्यभर नर्सचं काम केलं, एका माणसाच्या उत्तरावर ती विश्वास ठेवत नाही. पण दोघांनी एकच सांगितलं की तिच्या लेखी निकाल लागला. पुढे चहाला थांबलो तेव्हा तिने कपाला हातही लावला नाही आणि म्हणाली, गाडी मागे फिरव. मी विचारलं, सुनेने विचारलं, बरं वाटत नाहीये का, काही विसरलंय का, आमचं काही चुकलं का. आई म्हणाली, काही नाही, नको वाटतंय. मग परतीच्या वाटेवर आम्ही तिघं त्या घूंमध्ये बसलो होतो, तिघांनाही तो ऐकू येत होता, आणि तिघंही खिडकीबाहेर बघत होतो. तुला हसू येत असेल तर हस. मला तेव्हा आलं नाही.

त्यानंतर आई गाडीत बसेनाशी झाली. कुठे जाऊया म्हटलं की गुडघा पुढे करायची. इकडे तू फोन उचलणं बंद केलंस. भाऊजी मात्र तुला चोरून गॅलरीत वाळत घातलेल्या कपड्यांच्या आड उभे राहून माझ्याशी बोलत होते. (हे तुला सांगायचं नव्हतं. पण आता लिहून गेलं, आणि खोडलेलं तू उजेडासमोर धरून वाचतेस. त्यांना काही बोलू नकोस, त्यांनी ते तुझ्या भल्यासाठीच केलं.)

सुटका केली ती दाताच्या डॉक्टरांनी. ज्यांच्यासाठी मी कवळ्या करतो तेच ते उंच डॉक्टर. त्यांची गाडी दुरुस्तीला गेली होती म्हणून मी त्यांना घरी सोडायला निघालो, तर मोठ्या रस्त्याला लागतो न लागतो तोच ते म्हणाले, तुमच्या गाडीला हा घूं कधीपासून आहे? ताई, मी गाडी बाजूला घेतली आणि त्यांचा हात हातात धरून म्हटलं, डॉक्टर, तुम्हाला ऐकू येतोय? ते जरा दाराकडे सरकले. माझा जीव असा भांड्यात पडला की त्यांना त्यांच्या घराच्या पुढे दोन चौक सोडून मी भानावर आलो. घरी येऊन बायकोला सांगितलं. तिने विचारलं, म्हणजे ते तुम्ही नव्हतात? त्या संध्याकाळी आम्ही दोघं एवढं हसलो की आई तिच्या खोलीतून बघायला आली, आणि आम्ही लगेच गप्प झालो. आता कळतं, तिथेच तिला सांगायला हवं होतं. पण मनात आलं, आधीच ती गाडीत बसायला तयार नाही, त्यात गाडी बिघडली आहे हे कशाला सांगा; नीट दुरुस्त करू आणि मग सांगू. आपल्या घरात वाईट बातमी दुरुस्त झाल्याशिवाय कुणी कुणाला देत नाही.

मग सुरू झाली तपासणी. भाऊजींनी गॅलरीतून निदान केलं, चाकाचं बेअरिंग गेलंय. ओळखायचं कसं, तर मोकळ्या रस्त्यावर वेगात असताना स्टिअरिंग हळूच डावीकडे, मग हळूच उजवीकडे वळवायचं; एका बाजूला आवाज वाढला आणि दुसरीकडे कमी झाला तर बेअरिंगच. मी मोकळा रस्ता गाठून तसं करायला लागलो. मागून शाळेची बस येत होती. तिच्या ड्रायव्हरने मला ओलांडून जाताना काच खाली करून माझ्याकडे इतक्या कीव आलेल्या नजरेने बघितलं की मी निर्व्यसनी आहे हे त्याला ओरडून सांगावंसं वाटलं. आवाजात काडीचा फरक पडला नाही, म्हणजे बेअरिंग शाबूत. पण आमच्या गॅरेजवाल्यापुढे मी बेअरिंगचं नुसतं नाव काढलं, तर आवाजात फरक पडला नाही हे भाऊजींना सांगायच्या आत त्याने ते बदललंही होतं. त्याचं नाव आम्ही "होऊन जाईल" असं ठेवलंय, कारण काहीही विचारलं तरी तो तेच म्हणतो. नवं बेअरिंग घालून आम्ही चक्कर मारली, घूं जसाच्या तसा होता, आणि तो मान डोलावत म्हणाला, बघा, किती फरक पडला.

भाऊजींनी दुसरी युक्ती सांगितली. पुढची चाकं मागे लावायची आणि मागची पुढे. आवाज जागेवर राहिला तर दोष गाडीचा, आवाज चाकांबरोबर गेला तर दोष टायरांचा. ही युक्ती मला मनापासून पटली. तुझी भावजय मागच्या सीटवर आडवी होऊन, खालच्या पत्र्याला कान लावून बसली, आणि मी चालवत होतो. तिने आवाज आला की माझ्या सीटवर थाप मारायची असं ठरलं होतं. पुढचा आवाज मागे गेला होता! तिने एवढ्या आनंदाने थाप मारली की मला वाटलं कुणीतरी आम्हाला मागून धडकलं. म्हणजे दोष टायरांचा, हे पक्कं झालं. भाऊजींची निम्मी अब्रू वाचली, कारण टायर आम्ही नंतर घातलेले आहेत.

त्यातच आणखी एक खोड निघाली. गाडी डावीकडे ओढ खात होती. स्टिअरिंग जरा सैल धरलं की ती आपली रस्त्याच्या कडेला, बघ्यांच्या गर्दीकडे वळावी तशी वळायची. टायरवाल्याने चाकांची दिशा तपासली, चारही टायरांत हवा सारखी केली आणि सांगितलं, दिशा ठीक आहे, पण उजवीकडच्या दोन्ही टायरांत हवा फार जास्त आहे आणि डावीकडच्या दोन्हींत फार कमी; हवा कोण भरतं तुमच्याकडे? मी म्हटलं, पेट्रोल पंपावरचा माणूस. तिथून निघालो तेव्हा गाडी दोरीसारखी सरळ चालली. आठवड्याभरात पुन्हा डावीकडे! पुन्हा टायरवाला, पुन्हा तेच, उजवी बाजू दगडासारखी आणि डावी तिच्यापुढे मऊ. आता तोही माझ्याकडे शाळेच्या बसच्या ड्रायव्हरसारखा बघायला लागला. मी तडक पंपावर जाऊन हवा भरणाऱ्या माणसाला फैलावर घेतलं की तुझं उजव्या बाजूवर एवढं प्रेम का. तो सरळमार्गी माणूस, त्याने शांतपणे सांगितलं की साहेब, तुम्ही माझ्याकडे हवा भरायला कधीच आलेला नाही, तुम्ही फक्त मला बघून हात करता. ते खरं होतं. मी हात करून परत आलो.

घरी येऊन, गाडी भिंतीला लावायच्या आधी, मी जमिनीवर बसलो आणि पहिल्यांदाच त्या टायरांवरून तळहात फिरवला. तुला सांगतो, मला एकदम कारखान्यात बसल्यासारखं वाटलं. माणूस एकाच बाजूने चावत असला की त्याची कवळी कशी झिजते, हे मला अंधारातही सांगता येतं; तसंच ते होतं. उजवीकडचे दोन्ही टायर मधोमध झिजून गुळगुळीत झालेले आणि कडा नव्या. डावीकडचे नेमके उलट, मध्ये नक्षी शाबूत आणि दोन्ही कडा खाल्लेल्या. हात पुढे फिरवला तर गुळगुळीत, मागे फिरवला तर करवतीसारखं खरखरीत. अशी वेडीवाकडी झीज रस्त्यावर घासत जाते आणि घूं करते. इतकं मला कळलं. पण एका बाजूची हवा जास्त कशी होते ते काही कळेना. गाडी आपली रोज डावी बाजू भिंतीला चिकटवून उभी असते, तिकडून मांजरही जाऊ शकत नाही. मी भाऊजींना म्हटलं, उजवीकडे ऊन येतं म्हणून हवा फुगत असेल. भाऊजींनी फोन ठेवला. (की तू गॅलरीत आलीस?)

आणि मग परवा सकाळी मी लवकर खाली गेलो, कारण एका आजोबांची कवळी आदल्या दिवशी गाडीतच राहिली होती. बघतो तर काय, आई. पायात बुटकीने पाठवलेले पांढरे बूट, एक हात बॉनेटवर, नजर समोरच्या भिंतीवर, आणि ऑपरेशन झालेला पाय पायपंपावर वर-खाली, वर-खाली. पंपाची नळी पुढच्या उजव्या टायरला. इतक्या ऐटीत चाललं होतं की मी आजोबांची कवळी विसरलो. मग विचारलं, हे काय. ती म्हणाली, व्यायाम. गुडघ्याच्या व्यायामवाल्या बाईंनी तिला पायाने दाबायचा व्यायाम सांगितला होता आणि त्यासाठी एक रबरी पट्टा दिला होता. पण पलंगावर पडून पट्टा ओढत बसायला आपण काय तान्हं बाळ आहोत का, असं आईचं म्हणणं. जिन्याखाली पायपंप पडलेलाच होता. पायाचं काम होतं, आणि वर तुमच्या चाकांत हवाही जाते, असा तिचा हिशेब. पुढचं उजवं आणि मागचं उजवं, एक दिवसाआड. डावी बाजू भिंतीकडे, तिकडे ती पोचू शकत नव्हती. हवा पुरेशी झाली हे कसं ओळखतेस, असं विचारलं तर म्हणाली, अंगठ्याने दाबून. सूज बघायचे तशी.

ताई, मला तिच्यावर रागावता आलं नाही. हसायलाच आलं. हसता हसता मी म्हणून गेलो, "आई, अगं तुझ्या या व्यायामामुळे गाडी घुमायला लागली."

तिचा पाय थांबला. "कोण घुमतं?"

"गाडी. वेग घेतला की घूं करते ना, ती."

"तुला ऐकू येतं ते?"

"हो."

"आणि तिला?"

"तिलाही."

"मग त्या दिवशी दोघंही नाही का म्हणालात?"

तुला वर दोन परिच्छेदांत समजावून सांगितलं ते तिथे उभ्याने सांगायला गेलो तर अगदीच खुळ्यासारखं वाटलं. आई जिन्याच्या खालच्या पायरीवर बसली. ती रडत नाही हे तुला माहीत आहे. ती चष्मा पुसते. तिने तो खूप वेळ पुसला. मग म्हणाली, "मला वाटलं माझे कान गेले. पोर समोर उभी राहून वाजवणार, आणि मी नुसती मान हलवणार. ते तिला कळलं असतं रे."

म्हणून मागे फिरली होती ती. तुझ्यावर रुसून नाही, आमच्यावर चिडून नाही. एवढे दिवस एकटीने मनात ते धरून बसली होती, आणि शेजारच्या खोलीत आम्ही दोघं आपले कान वाचले म्हणून हसत होतो. मला इतकी लाज कधी वाटली नव्हती.

मी तिला तशीच गाडीत बसवली आणि आम्ही दोघं मोठ्या रस्त्यावर गेलो. घूं सुरू झाला तेव्हा मी तिच्याकडे बघितलं. ती हात मांडीवर ठेवून, डोळे मिटून, मैफलीत बसावं तशी बसली होती. वाढव, म्हणाली. मी वेग वाढवला. आता कमी कर. मी कमी केला. तिने मला तो घूं सगळ्या पट्ट्यांत वाजवायला लावला, आणि घरी येईपर्यंत तिचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. आयुष्यात कुणाला झिजलेल्या टायरांचा इतका आनंद झाला नसेल. त्या दिवशी तिने पोटभर न्याहारी केली आणि सुनेला सांगितलं की तुझ्या नवऱ्याच्या गळ्यापेक्षा टायर बरे होते.

आता चारही टायर नवे घातलेत. गाडी सरळ चालते आणि इतकी गप्प असते की आम्हाला चुकल्यासारखं होतं. येत्या रविवारी दुपारपर्यंत आम्ही तुझ्या दारात असू. आईने बॅग भरली आहे (आज सकाळी उपसली होती, आता पुन्हा भरली आहे). बुटकीला सांग की आजीला तिच्या वाजवण्याखेरीज दुसरं काही नको. भाऊजींना सांग की गाडीने त्यांचा शब्द पाळला. आणि तू आता राग सोड, निदान फोन तरी उचल. वर म्हटल्याप्रमाणे पुन्हा एकदा नमस्कार.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. आईच्या हाती पायपंप लागू देऊ नकोस. तुमच्या गाडीची कुठली बाजू भिंतीला असते ते भाऊजींना आधीच बघून ठेवायला सांग.

ता. क. आणखी एक गोष्ट. खरं तर हे सगळं पत्र याचसाठी लिहायला घेतलं, आणि इथपर्यंत येऊनही धीर होत नाहीये. गाडी शांत झाल्यावर काल आई माझ्या शेजारी बसली होती. मी वळायला इंडिकेटर लावला, तो टिकटिक करत होता, आणि ती म्हणाली, हा बिघडला वाटतं, आवाज नाही करत. मग घरी मी मुद्दाम लक्ष ठेवलं. घड्याळाचा गजर तिला येत नाही. दारावरची बेल दुसऱ्यांदा वाजली की कळते, तीही आम्ही उठलो म्हणून. दाताच्या डॉक्टरांना विचारलं, तर म्हणाले की वय झालं की बारीक, उंच आवाज आधी जातात आणि जाड आवाज नीट ऐकू येत राहतात. कानाच्या डॉक्टरांना दाखवायला हवं. मी तिला अजून काही बोललेलो नाही. परवाच एवढी आनंदात होती, लगेच कुठल्या तोंडाने सांगू? तेव्हा माझं एवढंच मागणं आहे, आणि ते तू कर. बुटकीला सांग की आजीच्या अगदी जवळ उभी राहून वाजव, आणि जमेल तेवढं त्या सगळ्यात जाड तारेवर वाजव. का, ते तिलाही सांगू नकोस. आईला तर अजिबातच नको.

ता. क. (आईच्या अक्षरात) चि. ताईस आशीर्वाद. याने पाकीट चिकटवून माझ्याकडे पोस्टात टाकायला दिलं. पाकीट वाफेवर उघडायला मला येतं, तुम्ही दोघं होस्टेलला असताना त्याची सवय झाली होती. सगळं वाचलं. टायरांचं त्याने बरंच वाढवून लिहिलंय, पण खोटं नाही. बेलचं आणि गजराचं मला माहीत आहे. टिकटिकीचं माहीत नव्हतं. कानाच्या डॉक्टरांकडे मी परत आल्यावर जाणार आहे, सूनबाईला तसं सांगूनही ठेवलंय. याला सांगितलं नाही कारण याला रडू येतं. पोरीला जाड तार वगैरे काही सांगू नकोस. तिने जे बसवलंय ते तिला हवं तसं वाजवू दे. मी समोर बसेन. जिथे ऐकू येणार नाही तिथे मी हात वर करेन, आणि तिला सांगेन की थांब, एवढं मला आलं नाही, जवळ येऊन पुन्हा वाजव.